आयक्यू 92 आला, आता काय?

प्रश्न: मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत, इंग्लिश मीडियम. वाचायला फार कंटाळतो म्हणून शाळेने बुद्धीची टेस्ट करून आणायला सांगितली, ती केली तर आयक्यू 92 आला. नणंद म्हणते शंभरच्या खाली म्हणजे मंदच की. माझी झोप उडालीये. परत टेस्ट करू का? रिपोर्टचा फोटो सोबत पाठवलाय.
— एक आई, नाशिक

उत्तर: ताई, आधी नणंदबाईंचा हिशोब. इथे 100 म्हणजे पैकीच्या पैकी नाही हो, ती त्या वयाच्या मुलांची सरासरी, आणि शंभरातली साधारण 68 मुलं 85 ते 115 मध्येच असतात. 92 एकदम नॉर्मल. उद्या परत टेस्ट घेतली तरी चार-पाच पॉइंट इकडचे तिकडे होणारच.

आता रिपोर्ट. मला 92 च्या वरच्या दोन ओळी जास्त बोलक्या वाटल्या. तोंडी भाग 80, आणि ठोकळे जुळवणं, चित्रात काय राहिलंय ते ओळखणं वगैरे हाताचं काम 104. दोन्हींची सरासरी मारली की 92, म्हणजे जो आकडा घेऊन तुम्ही रडताय तो तुमच्या मुलाला धड कुठेच लागू नाही! ही मालिन यांची टेस्ट, नागपुरात बसवलेली, भारतीय मुलांसाठी चांगली पण तिचे नॉर्म्स, म्हणजे ज्या मुलांच्या मार्कांशी तुलना करतात ते आकडे, जुने झालेत, आणि शब्दांचे अर्थ त्याला इंग्लिशमध्ये विचारले की मराठीत, हे रिपोर्टमध्ये कुठेच नाही. घरी मराठी बोलणाऱ्या पोराचे तिथे मार्क जातात, बुद्धी नाही जात. आपल्याकडे कामतांनी बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाची बुद्धीची टेस्ट मराठी आणि कानडी मुलांसाठी वेगळी बसवली ती उगाच नाही.

मुळात 1905 मध्ये पॅरिसमध्ये याच बिने आणि त्यांचे सहकारी सिमोन यांनी ही भानगड सुरू केली ती कोणत्या मुलांना शाळेत जास्तीची मदत लागेल ते शोधायला, हुशार-मठ्ठ असे शिक्के मारायला नाही. तसाच उपयोग करा. 80 आणि 104 मध्ये एवढी गॅप आणि वर वाचायचा कंटाळा, म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटीची (बुद्धी ठीक असूनही वाचण्या-लिहिण्यात येणारी अडचण) वेगळी तपासणी करून घ्या. तिथे बुद्धी सरासरीत आहे ना हे बघतातच, तेव्हा हा 92 तुमच्याच कामाला येईल. तीच टेस्ट लगेच परत नको, प्रश्न ओळखीचे झाले की आकडा फुगतो, वर्षभर तरी जाऊ द्या. आणि या सगळ्या तपासण्यांआधी डोळे आणि कान तपासून घ्या, बऱ्याचदा फळ्यावरचं दिसतच नसतं आणि आपण पोराला ओरडत बसतो.