नावाजलेल्या बातम्यांच्या साइटवर ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे’ असा पॉप-अप का येतो?

साइट हॅक झालेली असतेच असं नाही. बातमी त्यांची, पण जाहिरातीची चौकट भाड्याने दिलेली. तिथे काय दिसणार हे पान उघडताना क्षणार्धात लिलावात ठरतं, मधले दलाल अनेक. २००९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या साइटवर एकाने नामांकित कंपनीच्या नावाने जागा घेतली, आधी साध्या जाहिराती दाखवल्या आणि शनिवार-रविवार गाठून खोट्या अँटीव्हायरसचा पॉप-अप सोडला.

मुळात फोनमध्ये व्हायरस आहे की नाही, हे वेबपानाला कळतच नाही! ‘ओके’ दाबू नका, त्यातली फुलीसुद्धा नको (तीही बऱ्याचदा बनावट असते). सरळ टॅब बंद करा. चुकून ‘अलाऊ’ दाबलं असेल तर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या साइटची नोटिफिकेशनची परवानगी काढून टाका.