जॉर्जिया देशातील 2008 च्या रशिया-जॉर्जिया युद्धावरच्या माहितीपटाला मराठी सबटायटल कशी द्यावीत? (पुण्यातल्या कॉलेजच्या फिल्म क्लबसाठी)

इंग्रजी सबटायटलवरून थेट भाषांतर करू नका, मूळ आवाज ऐकत करा. जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे वडील आणि ‘देदा’ म्हणजे आई. ढिगाऱ्यापाशी मूल ‘मामा’ म्हणून रडत असेल, तर आपला प्रेक्षक आईचा भाऊ समजेल. म्हणून खाली ‘बाबा’ दिसलंच पाहिजे. तसंच ‘गोरी’ हे बॉम्बहल्ले झालेलं शहर आहे. ‘गोरी सोडून पळालो’ असं लिहिलं तर सभागृहात हशा पिकेल, आणि त्या माणसांवर तो अन्याय होईल. दर वेळी ‘गोरी शहर’ लिहा. जॉर्जियातून फुटलेल्या दक्षिण ओसेतिया प्रदेशातलं त्स्खिनवाली शहरही या युद्धात होरपळलं. तिथल्या लोकांची भाषा ओसेती, तिचा जाणकार वेगळा शोधा.

एका वेळी दोनच ओळी, ओळीत साधारण 35 अक्षरं, किमान दीड सेकंद. रडणं, सायरन, शांतता यांवर मजकूर नको.

फाइल एसआरटी (वेळेसह मजकुराची साधी सबटायटल फाइल), यूटीएफ-8 (युनिकोड) मध्ये सेव्ह करा. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर पडद्यावर अगम्य चिन्हं होऊन येतो. जोडाक्षरं तुटत असतील तर प्लेअरमध्ये नोटो सान्स देवनागरी हा फॉन्ट निवडा. तरीही तुटली तर सबटायटल चित्रातच पक्की करून घ्या.

सबटायटलची वेळ आवाजापासून हळूहळू सरकत असेल तर फ्रेमदर (सेकंदाला किती चित्रं) तपासा. 24 ची प्रत 25 ने चालली, तर तासाभरात 2 मिनिटं 24 सेकंदांचा फरक पडतो.