भोंग्यासारख्या तोंडाची जुनी तुर्की बंदूक (ब्लंडरबस) खरी की टुरिस्टसाठी बनवलेली, कसं ओळखायचं?

सगळ्यात आधी एक, नळीत लाकडी काठी शेवटपर्यंत घाला, खूण करा आणि तीच काठी बाहेरून नळीला लावून बघा, काठी बत्तीच्या भोकाच्या (नळीच्या मागच्या टोकाजवळचं बारीक भोक, ज्यातून ठिणगी आत जाते) बरीच अलीकडेच थांबत असेल तर आत जुना बार असू शकतो, मग हात लावू नका, जाणकाराला दाखवा.

आता ओळख. ऑटोमन घोडेस्वारांची ब्लंडरबस पिस्तुलाएवढी छोटी, पण दस्ता मात्र खांद्याच्या बंदुकीसारखा. बार उडवणारी कळ (लॉक) बघा, मिकेलेट पद्धतीत (हीसुद्धा चकमकीचीच एक जुनी पद्धत) मोठी स्प्रिंग बाहेरच दिसते, आत लपलेली असेल तर फ्रेंच पद्धतीची चकमक, दोन्ही तिकडे चालायच्या. टुरिस्ट पीसमध्ये बरेचदा बत्तीचं भोकच पाडलेलं नसतं, नाहीतर स्प्रिंग इतकी ढिली की घोडा अंगठ्याने सहज मागे येतो. खऱ्या, वापरलेल्या नळीत भोकाभोवती लोखंड खाल्लेलं, खड्डे पडलेलं असतं, मी तरी नक्षीच्या आधी तेच बघतो, चांदीची तार काय कुणीही ठोकतं.

आणि प्लीज ब्रासो लावून घासू नका, जुना रंग गेला की पुरावाच गेला.