वस्तूचा सातबारा

चि. बेटा, अनेक आशीर्वाद.

'विकत घेऊ का?' म्हणून तू पाठवलेला फोटो आधी चष्म्यानं पाहिला, मग भिंगानं. ॲक्रिलिकमध्ये बसवलेला नखाएवढा कॅप्टॉनचा, म्हणजे यानावर लावतात त्या चकाकत्या प्लास्टिक फिल्मचा पापुद्रा, खाली छापलेलं 'अपोलो ११', आणि किंमत अठरा हजार. पहिल्या पगाराची एवढी घाई?

वावर घ्यायला गेलो की आपण माती हुंगत बसतो का? तलाठ्याकडं जाऊन फेरफार पाहतो. इथंही तेच कर. अपोलो ११ चं कोलंबिया यान २४ जुलै १९६९ ला पॅसिफिकमध्ये उतरलं तेव्हा त्याच्यावरची ही चकाकती फिल्म बरीचशी जळून गेली होती. उरलेली नंतर निघाली आणि तिचे तुकड्यांचे तुकडे झाले. तुझा तुकडा कोणी सोलला, त्यानं कोणाला दिला, कापला कधी? मधली एक जरी नोंद गायब असली तरी पैसे खिशातच ठेव. विकणाऱ्यानं स्वतःच छापलेलं प्रमाणपत्र म्हणजे नवरदेवाच्या मामानं दिलेला चारित्र्याचा दाखला.

मीही फसलोय. सोयूझ या रशियन यानाच्या उष्णताकवचाचा म्हणून घेतलेला काळा तुकडा आज विजेच्या बिलांवर वजन म्हणून बसतो. तीस वर्षं अजनीला रेल्वेच्या स्टोअर्समध्ये काढली, पार्ट नंबर नसलेला नट कोणाला दिला नाही, अन् घरी मात्र विनानंबरचं अवकाश घेऊन आलो!

नंबराची ताकद बघ. २०१५ साली अमेरिकेतल्या सरकारी लिलावात एका बाईंनी ९९५ डॉलरला एक पिशवी घेतली. त्यांनी ती तपासायला नासाकडं धाडली, तर आत चंद्राची धूळ, आणि पिशवी निघाली अपोलो ११ ची. यादीत ती चुकून अपोलो १७ ची म्हणून चढली होती, म्हणूनच विकली गेली. नासा परत देईना. प्रकरण कोर्टात गेलं, बाई जिंकल्या, आणि २०१७ मध्ये तीच पिशवी न्यूयॉर्कला १८ लाख डॉलरला गेली. कारकुनाची एक चूक! मला त्या कारकुनाचंच वाईट वाटतं.

मालकीचं म्हणशील, तर अपोलोपर्यंतच्या अंतराळवीरांनी आठवण म्हणून ठेवलेल्या वस्तू त्यांच्याच, असं अमेरिकेनं २०१२ मध्ये कायद्यानं स्पष्ट केलं. अपोलोनं आणलेला चंद्राचा दगड मात्र कोणी विकायला काढला तर तिथून उठून ये. आपोआप येऊन पडलेली उल्का वेगळी.

आणि हो, ते लाडबोरीचं. २०२२ च्या गुढीपाडव्याला संध्याकाळी आकाशात जळत गेलेली रेघ आपण गच्चीवरून पाहिली होती, आठवतं? चंद्रपूर जिल्ह्यातल्या त्या गावात धातूचं मोठं कडं पडलं, चिनी रॉकेटचं असावं असं अभ्यासक म्हणाले. तुझ्या काकाला वाटतं, एखादा तुकडा उचलायला हवा होता. त्याला सांग, १९६७ च्या आंतरराष्ट्रीय अवकाश करारानुसार अवकाशातून पडलेली वस्तू ज्या देशाची, त्याचीच राहते. आणि टाकीबिकी असली तर आत विषारी इंधन उरलेलं असू शकतं.

माझं ऐकशील तर सुरुवात उडून आलेल्या वस्तूपासून करूच नको. 'फ्लाइट स्पेअर' घे: तोच कारखाना, तोच नंबर, फक्त गोदामात राहिलेला. स्वस्त पडतो, आणि टॅग बहुतेक वेळा सोबत असतो. संग्राहक नाक मुरडतात, मुरडू दे. बाहेरून मागवशील तर लिलावाचं कमिशन अन् कस्टम आधी जोड.

ठेवशील कुठं? मेमध्ये आपल्याकडं पारा ४५ च्या वर जातो, आणि कूलरची ओल त्याहून वाईट. चिकटवलेलं सुटतं, कागदाला बुरशी धरते. खिडकीसमोरचं शोकेस विसर. लोखंडी कपाट, आतली भिंत, बुटांच्या डब्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या.

रविवारी दुपारनंतर ये. विक्रेत्याला तीन प्रश्न विचारून उत्तरं लिहून आण, मी तोवर कूलर बंद करून कपाट उघडून ठेवतो.

तुझा,
आजोबा