शेजारच्या घरात मुलाला आणि त्याच्या आईला मारहाण होते. पुण्यात कुणाला कळवावं?

तुम्ही लिहिलंय की धनकवडीत नवीनच राहायला आलात, भिंतीपलीकडून आठवड्यातून तीन-चार रात्री मारहाणीचे आवाज येतात, मुलगा सात-आठ वर्षांचा आहे, चेअरमन म्हणतात 'नवरा-बायकोच्या भांडणात पडू नका', आणि तुमच्या हातात पुरावा काहीच नाही.

पुरावा गोळा करणं तुमचं कामच नाही. १०९८ ला फोन करा. ही मुलांसाठीची हेल्पलाइन, फुकट, चोवीस तास चालू. पूर्वी ही हेल्पलाइन स्वयंसेवी संस्था चालवायच्या, पुण्यात 'ज्ञानदेवी' होती. आता ती महिला व बालविकास खात्याकडे आहे. त्यामुळे जुन्या व्हॉट्सॲप फॉरवर्डमधले संस्थांचे नंबर फिरवत बसू नका. फोनवर मुलाचं अंदाजे वय, इमारत, मजला आणि आवाज साधारण किती वाजता येतात एवढं सांगा. आपलं नाव पुढे जाऊ नये असं वाटत असेल तर तेही सुरुवातीलाच सांगा. आणि मारहाण चालू असताना ऐकू येत असेल तर १०९८ नाही, सरळ पोलिसांच्या मदतीचा ११२.

आता जे करू नका ते सांगते, कारण मी ते केलंय. मी बिबवेवाडीत शिकवण्या घेते. चौथीतला एक मुलगा पट्टी नुसती उचलली तरी डोक्यावर हात धरायचा. कारण कळल्यावर मी शहाणपणा करून त्याच्या घरी गेले. वडिलांना म्हटलं, "दादा, पोरगं फार घाबरतं हो." त्यांनी चहा पाजला, हसून दारापर्यंत सोडायलाही आले. दुसऱ्या दिवसापासून मुलगा शिकवणीला यायचा बंद. आठवड्याने त्याच्या आईने मला मंडईत गाठलं आणि एवढंच म्हणाली, "ताई, तुम्ही बोललात, पण रात्री मला भोगावं लागलं."

त्यानंतर मी चौकीत गेले. कोणत्या ते लिहीत नाही. 'घरगुती मामला आहे मॅडम' हे वाक्य तिथेही ऐकलं. शेवटी एका मैत्रिणीने १०९८ सुचवलं. ते लोक घरी न जाता आधी शाळेत जाऊन मुलाशी बोलले. मला हे सुचलंच नव्हतं.

मुलाला उचलून अनाथाश्रमात टाकतील ही भीती सगळ्यांनाच असते. बाल न्याय कायदा, २०१५ चं तत्त्व उलट आहे: मूल कुटुंबात राहावं, संस्था हा अगदी शेवटचा उपाय. जिल्हा बाल संरक्षण कक्ष घरची चौकशी करतो, गरज पडली तर प्रकरण मुलाबद्दलचा निर्णय घेणाऱ्या बालकल्याण समितीपुढे जातं. मुलाला सांभाळणाऱ्यानेच त्याच्याशी क्रौर्य केलं तर या कायद्याच्या कलम ७५ खाली शिक्षाही आहे.

आईचं प्रकरण जरा निराळं. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा. त्याच्या कलम ४ प्रमाणे हिंसा होतेय असं सकारण वाटणारी कोणीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे याच कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याला, कळवू शकते, आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी जबाबदारी येत नाही. चेअरमनना हे कलम जरूर दाखवा! पण तिने तक्रार द्यावीच असा धोशा तिच्यामागे लावू नका. गच्चीवर कपडे वाळत घालताना, दुधाच्या दुकानात, जिथे ती एकटी भेटेल तिथे दोन वाक्यं बोला. मेसेज अजिबात नको, तिचा फोन कोण बघतं ते तुम्हाला माहीत नाही. सांगायचं काय, तर घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी याच कायद्याने तिला तिथे राहायचा हक्क आहे. बायका 'जाऊ कुठे' म्हणून गप्प बसतात, आणि ही गोष्ट बहुतेकींना कुणी सांगितलेलीच नसते. आधार, रेशनकार्ड, पासबुक, मुलाचा जन्मदाखला यांच्या झेरॉक्स तुमच्याकडे ठेवायला सांगितल्या तरी मोठं काम होतं.

तिची तयारी झाली की पुण्यात दारं बरीच आहेत. १८१ ही महिला हेल्पलाइन. पुणे पोलिसांचा भरोसा सेल महिला, मुलं आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी आहे. विद्या बाळ आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये सुरू केलेली नारी समता मंच ही स्त्रियांसाठीची संस्था आहे. मुलाला घेऊन घराबाहेर पडायची वेळ आली तर पुण्याजवळच्या वढू बुद्रुकला १९९७ पासून 'माहेर' ही निवारा देणारी संस्था आहे. वकिलाच्या फीची चिंता नको: शिवाजीनगर कोर्टातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण स्त्रिया आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत वकील देतं, मोफत कायदेशीर मदतीची देशभराची हेल्पलाइन १५१००. समुपदेशनात कुणी 'जरा सांभाळून घे' असा सूर लावला तर तिथून उठून दुसरीकडे जावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक गोष्ट वेगळी ठेवा. मुलाच्या बोलण्यातून लैंगिक अत्याचाराची शंका आली तर कळवायचं की नाही हा प्रश्नच उरत नाही. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या कायद्याप्रमाणे ते कळवणं बंधनकारक आहे. त्याला खोदून खोदून विचारू नका, सोसायटीच्या ग्रुपवर तर एक अक्षरही नको. मुलाची ओळख उघड करणं हा त्याच कायद्याखाली गुन्हा आहे.

तो मुलगा पुढच्या जूनमध्ये शिकवणीला परत आला. वडील आता वेगळे राहतात. आई मंडईत दिसली की मान हलवते, बोलत नाही. मीही थांबवत नाही.