दिसले नाही, तेही लिही

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र दोनदा वाचले. जंगलाच्या कडेला वाढलेल्या मुलामुलींना वन्यजीव संरक्षणात काम मिळते ते बहुधा वाट दाखवण्याचे, सामान वाहण्याचे किंवा गाडी चालवण्याचे, आणि अभ्यासावर नाव मात्र बाहेरून आलेल्यांचे लागते, ही तुझी तक्रार खरी आहे. त्या अन्यायात माझाही हात होता. माझ्या सुरुवातीच्या एका प्रकल्पात निम्म्याहून अधिक खुणा माझ्या स्थानिक सहकाऱ्याने शोधल्या होत्या. अहवालात मात्र त्याचा उल्लेख 'मदतनीस' एवढाच झाला, आणि तो शब्द मीच लिहिला होता. तेव्हापासून या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट आग्रहाने सांगतो, की तुझ्या डोळ्यांना जे कळते ते तुझ्याच हाताने नोंदीत उतरले पाहिजे.

म्हणजे काय, ते सांगतो. ओल्या वाटेवरचा बिबट्याचा ठसा पाहून तू सहज म्हणशील, "हा पहाटेच्या सरीआधी गेला." तुला ते कळते, कारण ठशाच्या आतही थेंबांचे बारीक खळगे पडलेले असतात आणि कडा विरघळलेल्या असतात. तो पावसानंतर गेला असता, तर खळगे भोवतीच्या मातीत राहिले असते आणि ठसा त्यांना दाबून स्वच्छ उमटला असता. पण 'पहाटेच्या सरीआधी गेला' एवढेच लिहिलेस, तर वाचणाऱ्याच्या हाती फक्त तुझा शब्द राहतो. तारीख, वेळ, जीपीएसवरचे ठिकाण, मातीचा प्रकार, शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेले छायाचित्र आणि त्याखाली तुझा अंदाज कशावरून, हे सारे लिहिलेस, तर दहा वर्षांनी तुला न ओळखणारा माणूसही तो अंदाज तपासून पाहू शकतो. अंदाज आणि त्याचे कारण नेहमी वेगवेगळ्या रकान्यांत लिही.

याहून अवघड सवय आहे ती रिकामी फेरी लिहिण्याची. समज, एका ओढ्याच्या काठाने तू चार फेऱ्या केल्यास आणि पाणमांजराची विष्ठा एकाच फेरीत सापडली. नवखा मुलगा तेवढी एकच लिहितो. परंतु प्राणी असूनही एका फेरीत तो नजरेतून सुटण्याचा संभव किती, हे काढता येते ते अनेक काठांवरच्या अशा भरल्या आणि रिकाम्या फेऱ्या एकत्र मांडल्यावरच, आणि ते हाती आल्याशिवाय दुसऱ्या एखाद्या काठावर काहीच न दिसल्याचा अर्थ लावता येत नाही. म्हणून जे दिसले नाही तेही लिही, तिथल्या तिथे लिही. संध्याकाळी मुक्कामी बसून आठवणीने भरलेला तक्ता मला नको असतो, कारण त्यात माणूस नकळत जे दिसायला हवे होते तेच भरतो.

शिक्षण कमी पडेल, अशी भीती तू लिहिली आहेस. १९९० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत लुई लीबेनबर्ग यांनी पडद्यावरच्या चित्रांना स्पर्श करून नोंद करता येईल अशी 'सायबरट्रॅकर' ही प्रणाली घडवली. कारू राष्ट्रीय उद्यानात काळ्या गेंड्यांचा माग काढणाऱ्या कॅरेल बेनाडी आणि जेम्स मिन्ये यांना लिहिता-वाचता येत नव्हते, तरी गेंड्यांच्या नोंदी त्यांनी या साधनावर स्वतः केल्या, आणि १९९९ साली 'पॅकिडर्म' या नियतकालिकात आलेल्या लेखावर दोघांची नावे सहलेखक म्हणून आहेत. पदवी मिळवता आली तर जरूर मिळव, कारण वरच्या पदांवर ती मागितली जाते. तोवर नकाशा वाचणे, तक्ते संगणकावर भरणे, प्रजातींची शास्त्रीय नावे आणि प्रथमोपचार एवढे शिकून घे.

आता ज्याविषयी तू विचारलेले नाहीस, ते लिहितो. स्थानिक असणे हे बळ आहे, तसेच ओझेही आहे. एखाद्या दिवशी तुझ्या काकांची शेळी मरेल आणि भरपाईसाठी पंचनामा तुला करावा लागेल. शेळीजवळ गेल्यावर आधी त्यांच्यापाशी बस; कागद नंतर काढ. मग कातडीखाली पाहा. दाताच्या खुणांभोवती रक्त साकळलेले असेल, तर जनावर जिवंत असताना धरले गेले. तसे नसेल, तर ते आधी मेले आणि लचके नंतर तोडले गेले. हे दुसरे उत्तर घरच्या माणसाला सांगणे फार जड जाते, पण ते एकदा जरी टाळलेस, तरी तुझ्या उरलेल्या सगळ्या नोंदी संशयाच्या होतील.

शिकारीसाठी फास लावणारा माणूस शेजारीच निघाला, तर प्रश्न आणखी बिकट होतो. म्हणून काम स्वीकारण्यापूर्वीच वरिष्ठांना विचार, की अशी माहिती कोणाकडे जाईल, माझे नाव गुप्त राहील का, मला एकट्याला गस्तीवर पाठवणार का, आणि इजा झाल्यास विमा आहे का. नोंदींवर व लेखांवर श्रेय कसे देणार, हेही त्याच बैठकीत विचार. या प्रश्नांचा राग येणाऱ्यांकडे काम करू नकोस, मग पगार कितीही असो.

केनियात अंबोसेलीच्या परिसरात २००७ पासून 'लायन गार्डियन्स' या उपक्रमात मसाई तरुण सिंहांवर लक्ष ठेवतात आणि सिंह जवळ असल्याची सूचना गुराख्यांना देतात. त्यांच्यापैकी काहींनी पूर्वी स्वतः सिंह मारले होते. त्यांचे शब्द गुराखी ऐकतात, कारण त्या गुराख्यांची गुरे आणि या तरुणांची गुरे एकाच कुरणात चरतात. बाहेरून आलेल्या माझ्यासारख्याला तो विश्वास मिळवायला वर्षे लागतात, आणि तुझ्याकडे तो आजच आहे.

एक वही घे आणि रोजच्या पायाखालची एकच वाट निवड. महिनाभर ठरलेल्या वेळी तिच्यावरून चाल, आणि महिन्याच्या शेवटी त्या नोंदी, रिकाम्या फेऱ्यांसकट, मला पाठव. मी प्रत्येक पानावर माझे प्रश्न लिहून वही परत करीन.

तुझा हितचिंतक