थंडीत सकाळी गाडी स्टार्ट होत नाही, पेट्रोलचा वास येतो, काय करू?

तुम्ही लिहिलंय की जुनी कार्बोरेटरवाली (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग असलेली) गाडी आहे, चोक (थंडीत हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी खुंटी) ओढून चार-पाच वेळा सेल्फ मारला आणि आता नुसता वास येतोय, म्हणजे इंजिन फ्लड झालंय, आत जास्त पेट्रोल जाऊन ठिणगी पाडणारे प्लग ओले झालेत. आता परत परत सेल्फ मारू नका हो, बॅटरी बसेल. चोक आत ढकला, बोनेट उघडा, पंधरा-वीस मिनिटं गाडी तशीच राहू द्या आणि तोवर जवळपास कोणाला बिडी-सिगरेट पेटवू देऊ नका, हे अगदी कळकळीने सांगतोय. मग ॲक्सिलेटर पूर्ण तळापर्यंत दाबून धरा, पंप अजिबात करायचा नाही, आणि पाच-सात सेकंद सेल्फ द्या, जास्तीची हवा आत जाते आणि पेट्रोल उडून जातं. इंजिन फडफडलं की पाय हळूहळू सोडा. इंजेक्शनवाल्या (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या) बऱ्याच गाड्यांतही पेडल पूर्ण दाबून सेल्फ दिला की पेट्रोल बंद होतं.

नाहीच झाली तर प्लग काढा. आमच्याकडे इंदूरला मागच्या डिसेंबरात काकांची गाडी अशीच अडली होती, प्लगचं टोक काळं आणि ओलंचिंब, बोटाला पेट्रोल लागत होतं. कपड्याने पुसून गच्चीवर उन्हात ठेवले, तासाभराने लावले, दुसऱ्या सेल्फला गाडी चालू. पण रोजच असं होत असेल तर चोक अडकतोय का ते बघा, आणि मिस्त्रीला फ्लोटची निडल (कार्बोरेटरमध्ये येणारं पेट्रोल थांबवणारी सुई) तपासायला सांगा, ती नीट बसली नाही तर पेट्रोल वाहतच राहतं.